चला, लॅपटॉपची पाटी बदलू या!

बालमित्रांनो, लॅपटॉपचं बटण दाबायचं, दूध तापवायचं, ते पिऊन कपही विसळून ठेवायचा आणि तरी पडद्यावर ते गोल गोल चक्र फिरतंच आहे, असं तुमच्या घरी होतं का? मग कुणीतरी म्हणतं, "आता नवीनच घ्यायला हवा!" थांबा. पुष्कळदा लॅपटॉप म्हातारा झालेला नसतो. त्याच्या पोटात माहिती ठेवायची जी जागा असते, ती संथ असते. तेवढी बदलली, की तोच लॅपटॉप टुणटुणीत होतो आणि खर्चही नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी येतो. पण दुकानात जाण्याआधी थोडा अभ्यास हवा. तो आज करू. आई-बाबांनाही शेजारी बसवा बरं का, पैसे त्यांचेच आहेत!

फिरणारी चकती, न फिरणारी पाटी

जुन्या लॅपटॉपमध्ये हार्डडिस्क असते. तिच्यात गुळगुळीत चकत्या गरगर फिरतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात. भागाकार करा पाहू! सेकंदाला ९० फेऱ्या झाल्या. एक बारीकसा दांडा त्या चकतीवर हवी ती जागा शोधत हिंडतो. एका शोधाला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा जास्त वेळ लागतो. हे फार वाटत नाही ना? पण लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो लहान लहान फायली शोधाव्या लागतात. तुमचं दूध तेवढ्यात पिऊन होतं ते यामुळेच.

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हिच्यात काहीच फिरत नाही. चिपमधल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि वीज बंद केली तरी तो तिथंच राहतो. या 'फ्लॅश' स्मृतीचा शोध जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८०च्या दशकात लावला. हार्डडिस्कपेक्षा एसएसडीला हवी ती फाइल कितीतरी लवकर सापडते. शिवाय दप्तराला धक्का बसला, एसटी खड्ड्यात आदळली, तरी हिला हार्डडिस्कइतकी भीती नसते.

आता एक गंमत. या पाटीवरचा एकच शब्द पुसता येत नाही! पुसायचं तर एक मोठा भाग पुसावा लागतो. म्हणून हवे असलेले शब्द आधी दुसऱ्या भागावर उतरवून घ्यायचे आणि मग जुना भाग पुसायचा. प्रत्येक पुसण्यानं पाटी किंचित झिजते. एकच भाग सारखा झिजू नये म्हणून आतली एक चिप सगळ्या भागांना पाळीपाळीनं कामाला लावते. वर्गात फळा पुसायच्या पाळ्या लावतात ना, तसंच! आणि या उतरवाउतरवीला थोडी मोकळी जागा लागते. एसएसडी काठोकाठ भरू नये, ती यासाठीच.

पहिला प्रश्न : बसेल का?

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबांनी चांगली महागाची एसएसडी आणली, खाचेत बसवली, पण लॅपटॉपला ती दिसेचना! एसएसडी चांगली होती, लॅपटॉपही चांगला होता. जोडी मात्र चुकली होती.

एसएसडी मुख्यतः दोन रूपांत मिळते. एक अडीच इंची, चपट्या डबीसारखी. ती जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसते आणि 'साटा' पद्धतीनं बोलते. दुसरी एम.टू, म्हणजे एक पातळ पट्टी. तिच्यावर २२८० लिहिलं असेल, तर रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. २२४२ असेल, तर लांबी ४२ मिलिमीटर. पण खरी मेख पुढे आहे. एम.टू पट्टी साटा पद्धतीचीही असते आणि एनव्हीएमई पद्धतीचीही. काही लॅपटॉपना एकच भाषा कळते, काहींना दोन्ही. म्हणून लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक वहीत उतरवा आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याला कोणती एसएसडी चालते ते पाहा. काही लॅपटॉपमध्ये ही जागा मुख्य पट्टीवरच डाग देऊन पक्की केलेली असते. तिथं बदल करता येत नाही.

डबीवर वेगाचा भला मोठा आकडा छापलेला असतो. साटाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमईचा कित्येक हजारांपर्यंत. पण निबंध लिहायचा, धडे पाहायचे, फोटो साठवायचे, एवढंच काम असेल, तर हार्डडिस्क जाऊन साटा एसएसडी आली की स्वर्गच! त्यापुढचा फरक रोजच्या वापरात फारसा जाणवत नाही. तेव्हा नुसत्या आकड्याला भुलू नका.

दुसरा प्रश्न : टिकेल का?

इथं दोन गोष्टी बघा. एक, वॉरंटी किती वर्षांची. दोन, टीबीडब्ल्यू किती. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील, ती मर्यादा. सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या एसएसडीला ५ वर्षं किंवा ३०० टेराबाइट, यांपैकी जे आधी संपेल ते. किंग्स्टनच्या ए४०० या ४८० जीबीच्या स्वस्त एसएसडीला ३ वर्षं आणि १६० टेराबाइट.

आता वही काढा. रोज २० जीबी लिहिलं असं धरू, आणि घरी एवढं सहसा लिहिलं जात नाही. ३०० टेराबाइट म्हणजे ३,००,००० जीबी. भागिले २० म्हणजे १५,००० दिवस, साधारण ४१ वर्षं! स्वस्तातलीचं गणित केलं, तर ८००० दिवस, म्हणजे जवळजवळ २२ वर्षं. म्हणजे लिहून लिहून झिजण्याची चिंता घरच्या वापरात जवळपास नाहीच. मग हा आकडा बघायचा कशाला? ज्या कंपनीनं तो छापला, तिनं एक जबाबदारी घेतली आहे म्हणून. ज्या डबीवर ना हा आकडा, ना वॉरंटी, ना धड कंपनीचं नाव, ती कितीही स्वस्त असो, परत ठेवा. कवडीमोलानं 'दोन टेराबाइट' मिळत असेल, तर आत लहानशी चिप घालून आकडा खोटा सांगितलेला असू शकतो. अशी एसएसडी भरत गेली, की तुमच्या फायली गुपचूप नाहीशा होतात. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी भारतात चालते का, तेही विचारा.

तिसरा प्रश्न : परवडेल का?

नुसती किंमत पाहू नका, एका जीबीला किती पडतात ते काढा. समजा, २४० जीबीची एसएसडी २४०० रुपयांना आहे आणि ४८० जीबीची ३६०० रुपयांना. पहिलीत एका जीबीला १० रुपये, दुसरीत साडेसात. (हे आकडे उदाहरणापुरते हं! खऱ्या किमती सारख्या वरखाली होतात.) ५०० जीबीची घेतलीत आणि पडद्यावर ४६५च दिसले, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. जागा तेवढीच असते.

पालकहो, एक सांगते. लॅपटॉपमध्ये रॅमच अगदी कमी असेल किंवा त्याचा पंखा अडकत असेल, तर नुसत्या एसएसडीनं सगळं दुखणं जाणार नाही. आधी जाणकाराला दाखवा. आणि मुलांनो, लॅपटॉप एकट्यानं उघडायचा नाही, मोठं माणूस सोबत हवंच.

सगळ्यात महत्त्वाचं

एसएसडी बिघडली, तर वॉरंटीत नवी एसएसडी मिळते. पण त्यातले आजीचे फोटो? ताईचा दहावीचा प्रकल्प? ते कुठलीच कंपनी परत देत नाही. हार्डडिस्क कधी कधी खरखर करून इशारा देते, एसएसडी मात्र एकाएकी गप्प होऊ शकते. म्हणून जपायची प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी हवी. त्यासाठी वेगळा मोठा खर्चही नको. काढलेली जुनी हार्डडिस्क धडधाकट असेल, तर तिला यूएसबीची केसिंग घ्या. झाली तुमची जादा प्रत! दर रविवारी नव्या फायली तिच्यावर उतरवायच्या आणि तिला कपाटात झोपवायचं.

तर मग, या रविवारी पहिलं काम कोणतं? लॅपटॉप उलटा करा, मॉडेल क्रमांक शोधा आणि वहीत लिहा. वहीत तीन रकाने आखा : बसेल का, टिकेल का, परवडेल का. तिन्ही भरले, की मगच आई-बाबांचा हात धरून दुकानात जा!