फेसाचा हिशेब

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोळायचे आणि केसांतले तेल शिकेकाईने काढायचे, या रिवाजात रसायनशास्त्राचा एक प्रश्न दडला आहे. पाण्यात न मिसळणारे तेल पाण्याने निघते कसे?

उत्तर एका दुहेरी स्वभावाच्या रेणूत आहे. त्याच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. तेलाकडची टोके तेलकट मळात रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात आणि मळ पाण्याबरोबर वाहून जातो. हे रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून ते पृष्ठक्रियाकारक, अर्थात सर्फॅक्टंट. क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र नांदवतात तेही हेच.

शिकेकाई-रिठ्यातली सॅपोनिन्स आणि शाम्पूतले सोडियम लॉरिल सल्फेट काम एकच करतात. मग ‘नैसर्गिक’ तेवढे निर्धोक, ही समजूत टिकत नाही. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की किती झोंबते! उलट, लॉरिल सल्फेट बहुधा खोबरेल किंवा पाम कर्नेल तेलापासूनच बनते.

या सल्फेटमुळे कर्करोग होतो, ही अफवा १९९०च्या दशकाअखेरीस ई-मेलमधून पसरली. तिला पुरावा नाही. मात्र ते त्वचेचा दाह करते, हे खरे. प्रयोगांत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी तेच वापरतात. मळाचे तेल कोणते आणि त्वचेचे संरक्षक स्निग्ध द्रव्य कोणते, हा भेद त्याला कळत नाही. म्हणूनच ‘कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू’ या अमेरिकेतील तज्ज्ञ-मंडळाने १९८३ साली निष्कर्ष दिला: थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनांत ते सुरक्षित, त्वचेवर बराच वेळ राहणाऱ्या उत्पादनांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक नसावे.

सौम्य पर्यायही सर्वांना मानवतातच असे नाही. कोकामिडोप्रोपिल बीटेन लॉरिल सल्फेटहून सौम्य. तरी अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले. त्यातही दोष बहुतांशी निर्मितीत मागे राहणाऱ्या अशुद्धींचा.

म्हणून बाटलीवरच्या ‘सल्फेट-फ्री’ या शब्दाने प्रश्न सुटत नाही. प्रमाण किती, अंगावर किती वेळ राहणार आणि त्वचा कोणाची, हे विचारायला हवे. इसब असलेल्या मुलाला फेसाळ साबणाने दिवसातून दोनदा घासले, तर स्वच्छतेच्या नावाखाली आपण त्याची ढालच काढून घेतो. आणि फेसाची उंची ही स्वच्छतेची मोजपट्टी नव्हे. कमी फेसाचे सर्फॅक्टंटही मळ तितक्याच इमानाने काढतात.