सोन्याने नव्हे, चिकाने जोडलेली कुपी

‘फुटलेली भांडी जोडायला जपानी लोक सोनं वितळवून ओततात का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. नाही. या जोडकामाची, म्हणजे किंत्सुगीची, छायाचित्रं आणि त्याखालची प्रवचनं फिरवणाऱ्यांनी हा गैरसमज वाढवला आहे. तुकडे जोडतो तो उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक. सोन्याची पूड सांध्यावर नंतर भुरभुरतात.

हे झाड आपल्या आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा अंगावर उततो, तसाच उरुशीचा ओला चीकही. दोन्हींतली दाहक रसायनं एकमेकांची जवळची नातलग आहेत. गंमत म्हणजे हा चीक दमट हवेतच नीट वाळतो. वाळतो म्हणणंही चूकच. त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने उरुशिऑल या त्याच दाहक रसायनाचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्या विकराला काम करायला ओलावा लागतो. चिकातला हा कर्ता घटक हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883 मध्ये ओळखला. ‘लॅकेज’ हे नाव मात्र पुढे फ्रान्सच्या बर्त्रांनी दिलं आणि तेच चाललं. बारशाला आलेल्याने मूल पळवावं, तसा हा प्रकार!

या चिकाची खरी कमाल पाहायची तर ‘त्सुकुमो नासु’कडे वळावं. चहासमारंभात दाट चहाची पूड ठेवायची ही चिनी कुपी, मुठीत मावेल एवढी. नोबुनागा, हिदेयोशी अशा सत्ताधीशांनी ती मिरवली. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला जळाला आणि त्यात ही कुपीही फुटली. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासूने उरुशीचा कारागीर फुजिशिगे तोगेन आणि त्याच्या मुलाला राखेतून तुकडे वेचायला लावलं. त्यांनी ते उरुशीने असे जोडले की सांधा दिसेना.

काही शतकांनी क्ष-किरणांनी बिंग फोडलं. चीक कार्बन, हायड्रोजन अशा हलक्या अणूंचा, त्यामुळे किरण त्यातून सहज जातात. सिलिकॉन, लोह असलेली भाजलेली माती ते अडवते. चित्रात विखुरलेले तुकडे उमटले. वरची तपकिरी झिलई म्हणून जिचं कौतुक चाललं होतं, ती बहुतांशी उरुशीच होती.

म्हणून काही ती कुपी नकली ठरत नाही. किंत्सुगीतलं सोनं सांध्याकडे बोट दाखवतं, तोगेनने सांधाच गायब केला. माझ्या मते कारागिरीत तोच वरचढ. इएयासूलाही काम इतकं आवडलं की त्याने कुपी तोगेनलाच देऊन टाकली. आज ती तोक्योच्या सेइकादो संग्रहालयाकडे आहे.