रोज किती चेंडू? वेगवान गोलंदाजी शिकणाऱ्या मुलांबद्दलचे गैरसमज

चेन्नईच्या चेटपेट भागात, मद्रास ख्रिश्चन कॉलेज शाळेच्या मैदानावर, १९८७ साली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं. २०१२ पर्यंत ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली तिथे वेगवान गोलंदाज घडवत होता, त्याच्यानंतर ग्लेन मॅकग्रा आला. वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून तिथे गेलेल्या शाळकरी सचिन तेंडुलकरला लिलीने फलंदाजीकडे लक्ष दे असं सांगितलं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. श्रीरामपूरचा झहीर खान त्याच मैदानावर तयार होऊन भारताकडून ३११ कसोटी बळी घेऊन गेला, हेही. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा चेंडू जरा वेगात जायला लागला की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, रोज किती ओव्हर टाकून घ्यायच्या? प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला ‘रोज’ हा शब्दच घात करतो.

‘फलंदाज रोज नेटमध्ये खेळतो, मग गोलंदाजाने रोज का टाकू नये?’

कारण दोघांच्या शरीरावर पडणारा भार वेगळा आहे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजमध्ये आपटतो तेव्हा जमिनीकडून शरीराला बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. त्याच क्षणी कंबर मागे ताणलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असते. हा सगळा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांमागे असलेल्या हाडाच्या एका बारीक पट्टीवर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची ही पट्टी बहुधा डाव्या बाजूला तडकते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडून-आपटून मोडण्यासारखं हे नसतं. रोजच्या माराने झालेली सूक्ष्म झीज भरून निघायच्या आत पुढचा मार बसतो आणि हाड हरत जातं. कमरेचं हाड पूर्ण पक्कं व्हायला विशी उलटावी लागते. तेराव्या वर्षी ते कोवळंच असतं, मुलगा कितीही उंच आणि दणकट दिसो.

म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयानुसार मर्यादा घालून दिल्या. अनेक वर्षं चालत आलेले ते आकडे असे. तेरा वर्षांखालच्या मुलाने सामन्यात एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसभरात दहा षटकं टाकावीत. सरावात एका वेळी ३० चेंडू, तेही आठवड्यातून दोनदाच. पंधरा वर्षांखाली सहा षटकांचा स्पेल, दिवसाला बारा, सरावात ३६ चेंडू, पुन्हा दोनदाच. सतरा वर्षांखाली सात षटकांचा स्पेल, दिवसाला अठरा, सराव आठवड्यातून तीनदा. शिवाय सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नाही आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नाही. पहिल्यांदा हे आकडे वाचणाऱ्या पालकाला वाटतं, एवढ्याने काय होणार? पण ही मर्यादा आळशी मुलांसाठी काढलेली नाही. पुढे देशाकडून खेळू शकतील अशा मुलांची पाठ वाचावी, म्हणून ती आहे.

ऑस्ट्रेलियात सरासरी पंधरा वर्षांच्या आतल्या ४४ वेगवान गोलंदाजांवर हंगामभर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ११ मुलांना अतिवापराची दुखापत झाली. ज्यांना गोलंदाजीच्या दोन सत्रांमध्ये सरासरी साडेतीन दिवसांहून कमी विश्रांती मिळत होती, त्यांचा धोका इतरांच्या तिप्पट होता.

‘दुखत नाही ना? मग टाकू दे.’

मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो हा समज, कारण तो समजूतदारपणाचा वाटतो. हाडावरच्या ताणाची उधारी लगेच वसूल होत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच मोठ्या गोलंदाजांच्या नोंदी सांगतात की एका सामन्यात पन्नासहून जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या तीन आठवड्यांत दुखापत होण्याचा धोका सुमारे पावणेदोन पट असतो. म्हणजे शाळेच्या स्पर्धेत मुलाने लागोपाठ चार दिवस गोलंदाजी केली, ट्रॉफी आणली, सगळे खूश झाले आणि कंबर धरली ती पुढच्या महिन्यात. तोवर स्पर्धा कुणाच्या लक्षातही नसते आणि दोष जातो गादीला किंवा दप्तराला.

ही वसुली किती लांबते, ते ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सकडे बघा. त्याने २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिल्याच कसोटीत सामनावीराचा मान मिळवला. पाठीच्या आणि इतर दुखापतींमुळे त्याची दुसरी कसोटी उजाडली ती थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीत. खुद्द लिलीची पाठ १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात मोडली होती. प्लास्टर, व्यायाम, ॲक्शनमधली दुरुस्ती, एवढं सगळं करून तो १९७४-७५ च्या ॲशेसमध्ये परतला. चेन्नईत मुलांना शिकवणारा माणूस या दुखण्यातून स्वतः गेलेला होता.

‘मग सुट्टीच देऊन टाकू.’

हेही चूक. मोठ्या गोलंदाजांवरच्या २००३ च्या अभ्यासात दोन्ही टोकं धोक्याची निघाली. दोन सत्रांमध्ये सरासरी दोन दिवसांहून कमी अंतर ठेवणारे जसे जास्त जखमी झाले, तसेच पाच दिवसांहून जास्त अंतर ठेवणारेही. हाड ताणाला सरावतं, पण तो ताण हळूहळू वाढवत न्यावा लागतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दहावीचं वर्ष म्हणून मुलगा महिनोन्‌महिने चेंडूला हात लावत नाही आणि परीक्षा संपताच एप्रिल-मेच्या शिबिरात सकाळ-संध्याकाळ टाकायला लागतो. चेन्नईसारख्या शहरात त्यात दमट उकाडा भर घालतो. १९८६ मध्ये तिथल्याच चेपॉक मैदानावर कसोटीत २१० धावा काढून ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सला इस्पितळात सलाईन लावावी लागली होती, आणि तो सप्टेंबर होता, मे नव्हे. थकलेल्या मुलाची ॲक्शन ढासळते आणि ढासळलेल्या ॲक्शनचा भार कमरेवर येतो. पहिले काही आठवडे चेंडू मोजके, मग थोडे थोडे जास्त, आणि वेळ शक्यतो सकाळची.

‘ॲक्शन शुद्ध असली की कितीही चालतं.’

खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे असलेली मिश्र ॲक्शन घातक असते, हे खरं. ती वेळीच सुधारायलाच हवी. पण शुद्ध ॲक्शनलाही तोच धक्का बसतो, फक्त तो जरा बऱ्या रीतीने वाटला जातो.

महाराष्ट्रातल्या शाळांत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींबद्दल असाच एक समज ऐकू येतो: हात खालून फिरतो, मग खांद्याला काय त्रास? मोजमापं वेगळं सांगतात. लहान सॉफ्टबॉल पिचरच्या खांद्यावर येणारा ओढीचा ताण बेसबॉल पिचरच्या तोडीचा असतो. बेसबॉलमध्ये मात्र मुलांचे चेंडू मोजले जातात. अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांत अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ ची मर्यादा आहे आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. सॉफ्टबॉलच्या मुलीला सलग सामन्यांत पिच करायला लावताना हे आकडे डोळ्यांपुढे हवेत.

गोलंदाजी नसलेले दिवस वाया जात नाहीत. पाय आणि पोट-पाठीचे स्नायू मजबूत करणं, धावणं, क्षेत्ररक्षण, चेंडू न टाकता रनअप पक्का करणं, हा सगळा सरावच आहे.

आणि एक वही ठेवा. शाळेचे सर शाळेतली षटकं मोजतात, क्लबचे कोच क्लबची, अकॅडमी आपली. रविवारी सोसायटीत टेनिस बॉलने टाकलेली कुणीच मोजत नाही. बेरीज होते फक्त मुलाच्या कमरेत. प्रत्येक कोच आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी मुलाची पाठ जाते, याचं मला फार वाईट वाटतं. वहीत रोजचे चेंडू लिहिले आणि ती प्रत्येक सरांना दाखवली, तर निदान बेरीज समोर येते.

एका पायावर उभं राहून मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला दुखत असेल, किंवा गोलंदाजीनंतरचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उतरत नसेल, तर मलम चोळून पुढच्या सामन्याला पाठवू नका. खेळाडूंचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. लवकर सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड पुन्हा जुळायची शक्यता चांगली असते.