उंचीचा हिशेब ज्याचा त्याने

चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीची रेघ नकाशावर पूर्वेकडे वाढवत नेली, तर ती शेंद्रा, करमाड, बदनापूर अशी जालना रोडची सोबत करत जवळपास जालना शहरावर येऊन पोहोचते. हवाई अंतर पन्नास किलोमीटर, म्हणजे सत्तावीस नॉटिकल मैल. जालन्याला प्रवासी विमानसेवा नाही. पण विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरते आणि पावसाळ्यात मराठवाड्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे त्या दिवसांत उतरायची सोयीची दिशा पूर्वेकडून, २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर. घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या जालनेकराला सरावासाठी याहून चांगली जागा शोधायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असो, एक्स-प्लेन असो की फुकट मिळणारे फ्लाइटगिअर, चिकलठाणा सगळीकडे आहे.

अडचण अशी, की सिम्युलेटरवरचे बहुतेक जण उतरायला आयएलएस वापरतात. त्यात जमिनीवरून दोन रेडिओ झोत येतात. एक, म्हणजे लोकलायझर, डावे-उजवे सांगतो आणि दुसरा, म्हणजे ग्लाइड स्लोप, वर-खाली. दोन्ही सुया मध्यावर ठेवल्या की विमान धावपट्टीच्या तोंडाशी हजर. ऑटोपायलट तर हे चहा पिता पिता करून देतो. नॉन-प्रिसिजन अ‍ॅप्रोचमध्ये यातला दुसरा झोत नसतो. व्हीओआर किंवा एनडीबीसारखे रेडिओ केंद्र किंवा आयएलएसचा नुसता लोकलायझर तुम्हाला धावपट्टीच्या रेषेत आणतो; पण किती उंचीवर असायला हवे, हे जमिनीवरून कोणी सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचे आणि तुम्हीच तपासायचे. माझ्या मते सिम्युलेटरवर खरी विमानविद्या इथे सुरू होते.

हिशेब अवघड नाही. तीन अंशांच्या उतारावर दर नॉटिकल मैलाला साधारण ३२० फूट उतरायचे. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे आणि धावपट्टीचे टोक ५० फुटांवरून ओलांडायचे. म्हणजे सहा मैलांवर, शेंद्रा आणि करमाडच्या दरम्यान, अल्टिमीटरवर ३,८७० फूट हवेत. पाच मैलांवर ३,५५०, चारवर ३,२३०, तीनवर २,९१०. उतरण्याचा वेग काढायला जमिनीसापेक्ष वेगाला पाचने गुणा: १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. श्रावणातला वीस नॉटचा वारा समोरून आला तर जमिनीसापेक्ष वेग १२० आणि उतरण्याचा ६००. वारा मध्येच पडला आणि तुम्ही ६००वरच राहिलात, तर दर मैलाला थोडे थोडे वर राहत जाल. म्हणून दर मैलाला अंतर आणि उंची मोठ्याने म्हणायची: ‘चार मैल, ३,२८०, पन्नास वर.’ एकटे बसला असलात तरी म्हणायची. घरचे हसतील, हसू द्या.

हे आकडे समजण्यापुरते आहेत. खरे आकडे भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीतल्या नकाशावर असतात आणि तो कोणालाही पाहता येतो. आणखी एक मेख लक्षात ठेवावी. डीएमई, म्हणजे अंतर सांगणारे रेडिओ उपकरण, दाखवते ते अंतर जमिनीवरच्या त्या उपकरणापासूनचे असते, धावपट्टीच्या टोकापासूनचे नव्हे.

पूर्वी ही उंची सलग उतारावर न उतरता जिना उतरल्यासारखी उतरायची पद्धत होती. एका टप्प्यापर्यंत झपकन खाली यायचे, तिथे विमान सपाट ठेवायचे, पुढचा टप्पा आला की पुन्हा खाली. शेवटी किमान उंचीवर येऊन ढगांच्या पोटाखालून धावपट्टी शोधत जायचे. एखादी पायरी आधीच उतरली गेली तर सांगणारे कोणी नसे. काठमांडूला सप्टेंबर १९९२ मध्ये पाकिस्तानच्या पीआयएचे एअरबस विमान असेच एक पायरी खालून येत राहिले आणि डोंगरावर आदळले. १६७ जण गेले. त्याच्या चार वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी, मुंबईहून अहमदाबादला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धुरकट हवेत लोकलायझर-डीएमई अ‍ॅप्रोचने येत होते. धावपट्टी दिसण्याआधीच ते किमान उंचीच्या खाली गेले आणि अडीच किलोमीटर अलीकडे पडले. १३५ जणांपैकी दोघे वाचले. आता विमान कंपन्या सलग उतारच शिकवतात. सिम्युलेटरवर मात्र जिना अजून लोकप्रिय आहे, कारण तिथे पडून कोणी मरत नाही.

पण सलग उतार धरला तरी प्रश्न उरतो: तुमची उंची मुळात खरी आहे का? अल्टिमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारे यंत्र. त्याला स्थानिक दाबाचा आकडा, म्हणजे क्यूएनएच, द्यावा लागतो. त्यात दहा हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंचीत सुमारे २८० फुटांचा फरक पडतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर हेच घडले. तिथल्या धावपट्टीचे आयएलएस बंद होते, म्हणून एका ए३२० ने उपग्रहाच्या मदतीने रेषा आणि अल्टिमीटरच्या मदतीने उतार धरला होता. नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितले. वैमानिकांना पडद्यावर सगळे जागच्या जागी दिसत होते. पावसात धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी विमान पुन्हा वर घेतले, तेव्हा ते धावपट्टीच्या बरेच अलीकडे जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आले होते. दुसऱ्या खेपेलाही आकडा तोच होता; या वेळी दिवे दिसले म्हणून निभावले.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘बी’ हे बटण दाबले की अल्टिमीटर आपोआप बरोबर लागतो. सोय म्हणून ठीक, पण ज्या चुकीसाठी हा सराव करायचा तीच हे बटण गायब करते. ते विसरा. हवामानाच्या संदेशातून दाब वाचा आणि हाताने लावा. एकदा मुद्दाम दहाने जास्त लावून उतरून पाहा. धावपट्टीच्या कडेचे, उतार बरोबर आहे का ते दाखवणारे पापीचे चार दिवे दिसू लागतील तेव्हा चारही लाल असतील, म्हणजे तुम्ही फार खाली आहात.

दाब बरोबर असूनही मराठवाड्यातला मे महिना वेगळीच गंमत करतो. तापलेली हवा फुगते. त्यामुळे अल्टिमीटर धावपट्टीच्या वर हजार फूट दाखवत असतो तेव्हा खरी उंची अधिक असते. बेचाळीस अंशांत ती अकराशेच्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या अल्टिमीटरवर काढलेला तीन अंशांचा उतार प्रत्यक्षात ३.३ अंशांचा होतो. आकडे अचूक पाळूनही पापीच्या चार दिव्यांत दोन पांढरे, दोन लाल दिसण्याऐवजी तीन पांढरे दिसतात. विमानाचा वेगही आवरेनासा होतो. थंड देशांत नेमके उलट होते आणि तिथली चूक जास्त वाईट, कारण ती विमानाला जमिनीकडे नेते.

आता ऑटोपायलट. आधुनिक ए३२० किंवा ७३७ स्वतःचा उतार स्वतः आखू शकते आणि आखतेही छान. पण ते कोणत्या मोडमध्ये आहे, हे पडद्याच्या माथ्यावरच्या बारीक अक्षरांत वाचावे लागते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या ए३२० मध्ये, स्वच्छ दिवसा, धावपट्टी समोर असताना, इंजिने किमान जोरावर ठेवणारा ‘ओपन डिसेंट’ मोड लागलेला राहिला. वेग घटत गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. सिम्युलेटरवर सराव करताना मोड बदलला की तो वाचून उच्चारा. एअरबसमध्ये व्हर्टिकल स्पीड ऐवजी उताराचा कोन धरणारा एफपीए मोड घ्या: उणे तीन अंश. वाऱ्याचा बराचसा हिशेब मग विमानच करते. उंची तपासणे मात्र तुमच्याकडेच राहते.

ही विद्या लवकरच कालबाह्य होईल, असे म्हणणारे आहेत आणि ते पूर्ण चुकीचे नाहीत. ‘गगन’ ही भारताची उपग्रहप्रणाली उताराची रेषाही देते, तीही हवेच्या दाबावर विसंबून न राहता. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानात किशनगडला तिच्या आधाराने उतरले. लहान गावांच्या विमानतळांना महागडे आयएलएस न बसवता हे मिळू शकते. पण त्यासाठी विमानात तसा रिसीव्हर लागतो, आणि अनेक मोठ्या जेट विमानांत तो अजून नाही.

शेवटचा सराव सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून कोणी करत नाही. नकाशावरची किमान उंची समजा २,४०० फूट आहे. वर घेताना विमान आधी थोडे खचते, म्हणून त्यात पन्नास मिळवून उतरायचे की वर निघायचे, हा निर्णय २,४५० ला घ्यायचा. सिम्युलेटरमध्ये ढगांचा तळ २,२०० फुटांवर ठेवा, म्हणजे त्या उंचीला धावपट्टी दिसणारच नाही. सगळे नीट करत या आणि २,४५० ला जोर लावून वर निघा. नाक वर, फ्लॅप एक टप्पा आत, चढ दिसला की चाके आत, आणि मग नकाशात सांगितलेल्या दिशेने व उंचीवर. हे पुन्हा पुन्हा करा. पुढच्या वेळी ढगांचा तळ संगणकालाच ठरवू द्या, तो किती आहे ते पाहू नका.