उलट्या फेऱ्यांचे इंजिन

मोटारीचे इंजिन काढून नौकेत बसवले तर चालेल का? चालेल, पण किती दिवस चालेल, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत सरोवरांवर आणि किनाऱ्यालगत हिंडणाऱ्या सहल-नौका पुष्कळ आहेत. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या अशा नौकेला तिकडे क्रूझर म्हणतात. दहा-अकरा मीटर लांबीच्या जुन्या पेट्रोल क्रूझरमध्ये बहुधा दोन इंजिने शेजारी शेजारी बसवलेली असतात आणि ती मोटारीच्याच इंजिनांवरून बेतलेली असतात. शेवरोले कंपनीच्या १९७० सालच्या मोटारींत आलेले ४५४ घनइंचाचे आठ सिलिंडरांचे इंजिन हे त्यांपैकीच एक. त्याच्या सिलिंडरचा व्यास १०.८ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव १०.१६ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून आठने गुणा, म्हणजे सुमारे ७.४ लिटर हे उत्तर येईल.

रस्त्यावरच्या मोटारीने एकदा वेग घेतला की तिच्या इंजिनाला थोडीच शक्ती द्यावी लागते. उतारावर तर तेही काम नाही. नौकेला उतार नसतो. शिवाय पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट करायचे तर शक्ती आठपट हवी. त्यामुळे वेगवान नौकेचे इंजिन तासन् तास जणू घाटच चढत असते. मिनिटाला ४,८०० फेरे झाले, तर दट्ट्या सेकंदाला १६० वेळा वरखाली धावतो. दर धावेच्या शेवटी तो क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. त्या वेळी त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या हजारपटीहून अधिक असते. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर किती ताण येत असेल, ते यावरून ध्यानात येईल.

अशी इंजिने झिजली की ती सुटी करून नव्याने बांधावी लागतात. ओतीव लोखंडाचा ब्लॉक धुऊन स्वच्छ केला की प्रथम तडे शोधतात. त्याची रीत मोठी सुंदर आहे. संशयित भागावर चुंबकीय क्षेत्र लावून लोखंडाची बारीक पूड भुरभुरतात. तडा असेल तेथे क्षेत्ररेषा पृष्ठभागाबाहेर येतात आणि पूड त्या जागी रेषेत गोळा होते. डोळ्यांना न दिसणारा तडा असा उघडा पडतो. थंड प्रदेशात ही तपासणी फार महत्त्वाची. हिवाळ्यापूर्वी ब्लॉकमधले पाणी काढायचे राहिले, तर त्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि जाड लोखंडही फोडते.

मग सिलिंडर थोडे मोठे कातून त्यांत मोठ्या मापाचे दट्टे घालतात. बहुतेक वेळा व्यास ०.७६ मिलिमीटरने वाढवतात. आतल्या पृष्ठभागावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ठेवतात, कारण आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर तेल टिकत नाही. चांगला कारागीर हे काम करताना ब्लॉकवर जाड पोलादी पट्ट बोल्टांनी घट्ट आवळतो. पुढे हेड आवळले की सिलिंडरचा आकार किंचित बिघडतो. तो बिघाड आधीच घडवून मग गोल केलेला सिलिंडर हेड बसवल्यावरही गोल राहतो.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात साधारण ०.०५ ते ०.०७ मिलिमीटर जागा ठेवतात. केसाच्या जाडीएवढ्या या फटीत तेलाचा थर असतो, आणि धुरा धातूवर नव्हे तर त्या थरावर तरंगत फिरते.

आता पाण्याकडे वळू. नौकेच्या इंजिनात धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांभोवती थंड पाणी खेळवलेले असते. शेवटच्या कोपराच्या आकाराच्या भागात ते धुरातच मिसळते आणि त्याच्याबरोबर मागून बाहेर पडते. हा कोपर खाऱ्या पाण्याने आतून गंजून भोक पडले, की पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरते. हवा दाबता येते, पाणी जवळजवळ दाबता येत नाही. इंजिन सुरू करताना वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नव्या बांधणीच्या इंजिनावर जुने, गंजलेले कोपर बसवणे म्हणजे सगळा खर्च पाण्यात घालणे. तरीही पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ लोक नेमके तेच करतात. शर्यतीच्या मोटारीची कॅमशाफ्टही इथे घातक ठरते. तिच्यात आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा बराच वेळ एकदम उघड्या राहतात, आणि मंद गतीत बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते.

जोडीच्या इंजिनांत आणखी एक गंमत आहे. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर नौका एका बाजूला ओढली जाते. म्हणून मागून पाहिल्यास उजवा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि डावा उलट फिरेल अशी योजना असते. आज हे काम बहुधा गिअरपेटीत होते. पण जुन्या नौकांत एक इंजिनच उलटे फिरत असे. नेहमीच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असतो, तर उलट्यात १-२-७-५-६-३-४-८. पहिला आकडा धरून दुसरी माळ उलटीकडून वाचून पाहा! सुरू करणारी मोटर वेगळी, दट्टे बसवण्याची दिशा वेगळी, क्रँकशाफ्टच्या मागील तेलरोधक कडीवरच्या तिरप्या रेघासुद्धा उलट्या. चुकीची कडी बसवली तर तेल आत ढकलण्याऐवजी ती बाहेर ओढते. दोन्ही इंजिनांचे भाग एकाच टेबलावर मिसळू देणारा कारागीर पुढच्या दुखण्याची तयारी करत असतो.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी पंखा लावून इंजिनाच्या खोलीतील हवा निदान चार मिनिटे बाहेर काढतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते, आणि एक ठिणगी नौका उडवून द्यायला पुरेशी असते. कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक जाळी असावी लागते, तीही याच भीतीपोटी.

शेवटी दोन्ही इंजिनांची गती जुळवायची. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर आठ सिलिंडरांचे इंजिन सेकंदाला २०० स्फोट करते. दुसरे ३,०१५ वर असेल तर २०१. मग सेकंदाला एकदा आवाज चढतो आणि उतरतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आल्या की ऐकू येणारे विस्पंद ते हेच. चालक एका इंजिनाची मूठ हळूच मागे घेतो. चढउतार लांबत जातो, दोन सेकंद, पाच सेकंद, आणि मग दोन्ही आवाज एक होतात.