गाडीतील गाणे आणि विजेची खरखर

या पाठात आपण गाडीच्या ध्वनियंत्रणेत शिरणाऱ्या विद्युत खरखरीची कारणे समजून घेणार आहोत. ती दूर करण्याचा क्रमही पाहणार आहोत.

दूरच्या प्रवासात गाण्याची सोबत असली की वाट कशी सरते ते कळत नाही. परंतु पुष्कळदा गाण्याबरोबर एक बारीक शिट्टीही ऐकू येते. इंजिनाचा वेग वाढला की ती चढते, वेग कमी झाला की उतरते. 'स्पीकर बिघडला' असे म्हणून मालक नवे स्पीकर आणतो. पैसे खर्च होतात, शिट्टी मात्र तशीच राहते. कारण दोष स्पीकरचा नसतोच. स्पीकरकडे जे येते तेच तो ऐकवतो. तेव्हा प्रश्न असा, की नको असलेला हा आवाज येतो कोठून?

शिट्टीचा उगम

इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज निर्माण करतो आणि बॅटरी भारित ठेवतो. त्यात निर्माण होणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत बदलते. गाडीला मात्र दिष्ट वीज लागते. म्हणून अल्टरनेटरमधील डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. तरीही ती तळ्यातील पाण्यासारखी अगदी स्थिर होत नाही. तिच्यावर बारीक लहरी उरतात.

या लहरींचा थोडा हिशेब करू. समजा, इंजिन मिनिटाला 900 फेरे घेत आहे आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत आहे. म्हणजे मिनिटाला 2250, अर्थात सेकंदाला 37.5 फेरे झाले. ध्रुवांच्या सहा जोड्या असलेल्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा 36 लहरी उठतात. म्हणजे सेकंदाला 1350 लहरी झाल्या. माणसाचा कान सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपने ऐकू शकतो. त्यामुळे ही शिट्टी कानाच्या कक्षेत बरोबर बसते. इंजिन वेगाने फिरले की लहरींची संख्या वाढते आणि सूर चढतो.

टिकटिक असा आवाज येत असेल, तर त्याचे कारण निराळे असते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. विद्युत ठिणगीतून अदृश्य लहरी बाहेर पडतात, हे हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. बिनतारी संदेशवहनाचा पाया त्यातूनच घातला गेला. तीच ठिणगी येथे मात्र रेडिओला उपद्रव देते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या उडतात. एएम रेडिओला हा त्रास अधिक होतो, एफएमला कमी. डिझेल इंजिनात अशी ठिणगीच नसल्यामुळे त्यात ही टिकटिक या कारणाने येत नाही.

अर्थिंगचे महत्त्व

अल्टरनेटरच्या लहरी प्रत्येक गाडीत असतात. मग शिट्टी काही गाड्यांतच का ऐकू येते? याचे उत्तर बहुधा अर्थिंगमध्ये सापडते. गाडीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो आणि परतीच्या विजेचा तोच रस्ता असतो. म्युझिक सिस्टिम पुढे आणि ॲम्प्लिफायर डिकीत असेल, तर दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी होते. ही दोन ठिकाणे विजेच्या दृष्टीने समान पातळीवर असतीलच असे नाही.

रंगावरच किंवा गंजलेल्या पत्र्यावर बसवलेल्या सांध्याचा रोध 0.01 ओहम आहे असे समजा. हा आकडा नगण्य वाटतो. पण त्यातून 20 अँपिअर धारा वाहिली, तर ओहमच्या नियमानुसार 0.2 व्होल्टचा फरक पडतो. गाण्याचा संकेत वाहून नेणाऱ्या तारेत मुळातच एक-दोन व्होल्ट, आणि हळू आवाजात त्याहून कितीतरी कमी विद्युतदाब असतो. दोन अर्थिंगमधील फरकामुळे या तारेच्या वेष्टनातूनही नको असलेली धारा वाहू लागते आणि तिच्याबरोबर लहरी गाण्यात मिसळतात.

निदानाचा क्रम

रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हे येथेही खरे आहे. पुढील क्रम उपयोगी पडतो.

1. इंजिन बंद ठेवून यंत्रणा चालू करावी. तेव्हाही फसफस ऐकू आली, तर ॲम्प्लिफायरचा 'गेन' प्रमाणाबाहेर वाढवलेला असण्याची शक्यता असते.
2. इंजिन चालू करून आवाज वेगाबरोबर बदलतो का, हे ऐकावे.
3. आवाजाची कळ पूर्ण कमी करावी. तरीही शिट्टी तेवढीच राहिली, तर ती कळीच्या पुढच्या टप्प्यात शिरते आहे.
4. यंत्रणा बंद करून ॲम्प्लिफायरला आलेल्या संकेताच्या तारा काढाव्यात आणि पुन्हा चालू करून पाहावे. शिट्टी थांबली, तर ती त्या तारांतून किंवा त्यांच्या मागून येत होती. थांबली नाही, तर ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा, अर्थिंग आणि स्पीकरच्या तारा तपासाव्यात.
5. मोबाइलचा चार्जर व नंतर बसवलेले एलईडी दिवे एकेक करून बंद करावेत. स्वस्त चार्जरही खरखर निर्माण करू शकतो.

उपाय

कामाआधी इंजिन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा आणि तेथे जाड, आखूड तार घट्ट बसवावी. शक्य तेथे सर्व उपकरणांची अर्थिंग एकाच जागी आणावी. वीजपुरवठ्याची तार गाडीच्या एका बाजूने, तर संकेताच्या तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. त्यांना एकमेकींवरून जावेच लागले, तर त्या काटकोनात जाऊ द्याव्यात. टिकटिक येत असेल, तर रोध असलेले, उत्पादकाने सुचवलेले स्पार्क प्लग वापरावेत. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेवर बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो नसल्यास तार घासून उघडी पडताच आग लागू शकते.

फिल्टर हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. अल्टरनेटरचा एखादा डायोड निकामी झाला तरी शिट्टी वाढते. अशा वेळी फिल्टर लावला, तर आवाज दबतो पण बिघाड वाढत राहतो, आणि एखाद्या रात्री घाटात बॅटरी उतरून गाडी उभी राहते. नको असलेला आवाज ही अशा वेळी सूचना असते. ती ऐकून घेतली पाहिजे.

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीतही सोडून द्यावी. त्यामुळे विद्युतदाब एकाएकी उसळतो आणि गाडीतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. त्याऐवजी मल्टिमीटरने मोजावे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सामान्यतः 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसतात.

अनेक कुशल कारागीर केवळ कानाने दोष ओळखतात. त्या अनुभवाला कारणांच्या ज्ञानाची जोड मिळाली, की अंदाजाने वस्तू बदलण्याची गरज राहत नाही. ग्राहकाचे पैसे वाचतात आणि कारागिराचा शब्द विश्वासाचा होतो.

शब्दार्थ

दिष्ट – एकाच दिशेने वाहणारी (वीज)
प्रत्यावर्ती – आलटून पालटून दिशा बदलणारी (वीज)
रोध – विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध
निदान – दोषाचे मूळ कारण ओळखणे

स्वाध्याय

1. इंजिनाचा वेग वाढल्यावर शिट्टीचा सूर का चढतो?
2. सांध्याचा रोध 0.02 ओहम व धारा 15 अँपिअर असेल, तर विद्युतदाबात किती फरक पडेल?
3. 'नको असलेला आवाज ही सूचना असते' हे विधान स्वतःच्या कामातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.