मावशी-मामांचे आरोग्य



आरोग्यावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर डॉक्टरांनी यावे. मी सातवीत शाळा सोडलेला युनियनचा माणूस. पण रुग्णालयात ज्यांना सारेजण 'मावशी' आणि 'मामा' म्हणतात त्या आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, धोबीखान्यातली व भटारखान्यातली माणसे यांच्यात माझी तीस वर्षे गेली. तेवढ्या बळावर बोलतो.

या माणसांना उपदेश भरपूर मिळतो. हात धुवा, पाणी प्या, तंबाखू सोडा, वेळेवर जेवा. भिंतीवर तसे फलकही असतात. त्या फलकाखालीच एखादा मामा तंबाखू मळताना दिसला, की वरिष्ठ म्हणतात, "या लोकांना सवयच लावून घ्यायची नाही." हे म्हणणे मी पुष्कळ वर्षे ऐकले, आणि खरे सांगायचे तर थोडेबहुत मानलेही. आता मानीत नाही.

एका रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डातील मावशींना वरचेवर लघवीच्या जळजळीचा त्रास होई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कमी पिता. ते खरेच होते. मी एकीला विचारले, "का हो मावशी, पाणी का पीत नाही?" ती म्हणाली, "दादा, प्याले तर जाऊ कुठे?" बायका कामगारांसाठी संडास एकच, तोही तळमजल्यावर, आणि वॉर्ड सोडून गेले की बोलणी खावी लागणार. पुढे भांडून वॉर्डाशेजारचा बंद पडलेला संडास आम्ही चालू करून घेतला. त्यानंतर 'पाणी प्या' म्हणून कोणाला सांगावे लागले नाही.

तंबाखूचेही तसेच. ती घातक आहे हे कर्करोगाच्या वॉर्डातील मामाला आपण काय सांगणार? तोंडाचा कर्करोग झालेला रोगी तो रोज स्वतःच्या हातांनी उचलतो. पण पट्ट्यांच्या बादलीचा दर्प आणि रात्री तीनची झोप यांना त्याच्याजवळ दुसरे औषध नसते. धड मास्क, घटकाभर बदली माणूस आणि गरम चहा, एवढे जिथे मिळाले तिथे काहींची गोळी सुटली. सगळ्यांची सुटली असे मी म्हणणार नाही. व्यसन ते व्यसनच.

आणि सवय लागणे शिकलेल्यांना तरी कुठे सोपे जाते? १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी पुष्कळ मोठमोठ्या डॉक्टरांना तो पटला नाही. मग साबणाविना, नळ कोरडा असताना, आमच्या मामालाच तेवढा दोष का? साबणाने हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. एका माणसावर दोन वॉर्डांचे काम टाकले, तर ते सेकंद आणायचे कुठून?

आता सुईची गोष्ट. धोबीखान्यात चादरीच्या घडीत सुई राहते आणि बोटात शिरते. कामगार बोट तोंडात घालून चोखतो आणि पुढची चादर उचलतो. कंत्राटावरचा असेल तर सांगतच नाही. उद्या कामावर घेतले नाही तर? लस न घेतलेल्या माणसाला रोग्याच्या रक्ताने भरलेली सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरांत तीसपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचा हजारांत सुमारे तीन. म्हणून बोट चोखू नये, पिळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि तत्काळ सांगावे. एचआयव्हीविरुद्धची औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस तीन वेळा घ्यायची: आज, महिन्याने, आणि पहिलीपासून सहाव्या महिन्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तो कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ही लस, धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा तपासणी देणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. मात्र सुई टोचल्याचे सांगणाऱ्याची भाकरी जाणार नाही, ही हमी आधी हवी. तीवाचून तो तोंड उघडणार नाही.

इथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून दिली. विसावा हा पगाराइतकाच हक्काचा, हे त्यांना कळले होते. आम्ही मात्र वर्षानुवर्षे घाणभत्त्यासाठी भांडलो, आणि फाटक्या हातमोज्यांचा प्रश्न मागणीपत्रकात शेवटी टाकला. तडजोडीत शेवटचे कलम पहिले गळते! भत्ता वाढला की आम्ही गुलाल उधळीत असू. त्याच सभेतून उठून माणसे उघड्या हातांनी बादल्या उचलायला जात.

अलीकडे आम्ही क्रम फिरवला आहे. पहिले कलम लशीचे, दुसरे हातमोजे-गमबुटांचे, तिसरे गणवेश रुग्णालयातच धुण्याचे, कारण तो घरी नेला की लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजतो. भत्ता चौथा. यावरून सभेत माझ्यावर आरडाओरडा झाला. तेव्हा धोबीखान्यातला एक म्हातारा मामा उठला, सुई टोचलेले बोट त्याने वर केले आणि म्हणाला, "दादांचं राहू द्या, माझा तिसरा डोस कधी, ते सांगा."